नख पुन्हा पुन्हा हिरवं पडतंय? आधी नखाखालची फट शोधा, मग औषध लावा

एका किंवा दोन नखांवर हिरवा, निळसर-हिरवा किंवा जवळजवळ काळा डाग. दुखत नाही, खाजत नाही. बुरशीचं मलम महिनाभर लावूनही डाग हलत नाही. किंवा नख वाढून कापलं गेलं की जातो आणि काही आठवड्यांनी त्याच नखावर परत दिसतो. या तक्रारीमागे बहुतेक वेळा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू असतो. त्याला मारणं तितकंसं अवघड नाही. त्याची राहायची जागा बंद करणं अवघड आहे, आणि उपचार फसतात ते तिथेच.

ही जागा म्हणजे नख आणि त्याखालची गुलाबी त्वचा यांच्यामध्ये पडलेली फट. निरोगी नख या त्वचेला घट्ट चिकटलेलं असतं. अशा कोरड्या, अखंड नखात स्यूडोमोनास शिरकाव करू शकत नाही. पण ठेच लागली, नख फार लांब ठेवल्याने उचकटलं, टोकदार काडीने खालून कोरलं, सोरायसिस किंवा बुरशीमुळे सुटलं, तर टोकाकडून आत एक पोकळी तयार होते. हात धुताना पाणी त्या अरुंद पोकळीत आपोआप ओढलं जातं आणि वरून हात पुसले तरी आत तसंच राहतं. स्यूडोमोनासला नेमकं हेच हवं असतं. नळाचं तोंड, सिंकची जाळी, ओला स्पंज अशा सतत दमट जागी तो असतोच, त्यामुळे संसर्ग कुणाकडून आला हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

हिरवा रंग येतो तो या जिवाणूने सोडलेल्या रंगद्रव्यांमुळे. पायोसायानिन निळसर-हिरवं असतं, पायोव्हर्डिन पिवळसर-हिरवं. दोन्हींचं प्रमाण आणि थराची जाडी यानुसार छटा बदलते. ही द्रव्यं नखाच्या थरांत मुरतात. नख हा केराटिन या कठीण प्रथिनाचा मृत पत्रा असल्यामुळे तो रंग आतून धुऊन निघत नाही. रंगवलेल्या कापडासारखा तो नखासोबतच राहतो. म्हणून जिवाणू पूर्ण मेल्यावरही डाग कितीतरी आठवडे दिसू शकतो. ही एक गोष्ट नीट लक्षात न घेतल्यामुळे लोक दोन उलट चुका करतात: संसर्ग गेलेला असताना औषधं बदलत राहतात, किंवा डागाचा भाग कापला गेला की फट तशीच असताना उपचार सोडून देतात.

वैद्यकात या विकाराला क्लोरोनिकिया किंवा ग्रीन नेल सिंड्रोम म्हणतात. गोल्डमन आणि फॉक्स यांनी १९४४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावानेही तो ओळखला जातो. पूर्ण स्वरूपात तीन गोष्टी एकत्र दिसतात: हिरवा रंग, टोकाकडून किंवा कडेने सुटलेलं नख, आणि नखाच्या मुळाशी जुनी सूज. तिन्ही असायलाच हव्यात असं नाही. पण दुसरी आणि तिसरी गोष्ट आहे का, हे प्रत्येक वेळी तपासायला हवं, कारण डाग परत येण्याचं कारण त्या दोघींतच असतं.

आधी खात्री: डाग जिवाणूंचाच आहे का

उजेडात बसा. नखावरची पॉलिश, जेल, सगळं काढा. ॲसिटोनने पृष्ठभाग पुसा. रंग उतरला तर तो शाईचा, डायचा किंवा गडद पॉलिशचा वरवरचा डाग होता. पुसून गेला नाही तर बारीक नेल फाइल दोन-तीनदा अगदी हलक्या हाताने फिरवा. वरवरचा डाग एवढ्याने फिका होतो. स्यूडोमोनासचा रंग बहुतेकदा नखाच्या खालच्या बाजूने चढलेला असतो, त्यामुळे तो तसाच राहतो. यापुढे घासू नका, नख पातळ होईल.

मग टोकाकडून बघा. सुटलेल्या भागाचं नख पांढरट किंवा पिवळट दिसतं, कारण खाली त्वचा नाही, हवा आहे. चिकटलेला गुलाबी भाग कुठे संपतो ती रेषा शोधा. हिरवा डाग या रेषेच्या टोकाकडच्या बाजूला असेल, तर निदान जवळजवळ जुळलं. डाग पूर्णपणे घट्ट चिकटलेल्या गुलाबी भागावर असेल आणि फट कुठेच नसेल, तर दुसरं काहीतरी शोधायला हवं. याला अपवाद एकच: मुळाशी जुनं नखुरडं (नखाच्या कडेची सूज) असेल तर रंग मुळाकडूनही चढू शकतो, आणि कधीकधी आडवे हिरवे पट्टे दिसतात.

सुटलेल्या नखाचा कापलेला तुकडा हाताशी असेल तर एक सोपी चाचणी घरी करता येते. पायोसायानिन पाण्यात विरघळतं. तुकडा चमचाभर स्वच्छ पाण्यात पांढऱ्या वाटीत रात्रभर ठेवा. पाण्याला हिरवट-निळसर झाक आली तर स्यूडोमोनासचा संशय पक्का होतो. झाक आली नाही म्हणून तो नाही, असं मात्र म्हणता येत नाही. जुन्या डागातून रंग फारसा सुटत नाही. दवाखान्यात वूड्स लॅम्प हा अतिनील प्रकाशाचा दिवा धरल्यास पायोव्हर्डिन हिरवट-पिवळं चमकतं. जेल सुकवायचा दिवा त्यासाठी वापरू नका. त्याचा प्रकाश वेगळा असतो आणि जेलचे राहिलेले कणही चमकून फसवू शकतात.

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्या गोष्टी. बुरशीचं नख साधारणपणे पिवळट-पांढरं, जाड, कडेला भुसभुशीत होतं आणि खाली पिठासारखा कचरा साठतो. निव्वळ हिरवा रंग तिच्यात क्वचित दिसतो. पण बुरशी आणि स्यूडोमोनास एकाच नखात सुखाने नांदतात: बुरशी नख सोडवते, जिवाणू त्या फटीत राहायला येतो. मार लागून साकळलेलं रक्त आधी लालसर-जांभळं, नंतर तपकिरी-काळं दिसतं आणि नखाबरोबर पुढे सरकतं; त्याच्या मागे मुळाकडे स्वच्छ नख येत जातं. सोरायसिसमध्ये नखाखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळट-तांबूस ठिपका दिसतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. मिनोसायक्लिनसारख्या काही औषधांनी नखांना निळसर-करडी छटा येते, पण ती एका नखापुरती नसते.

एक गल्लत मात्र जिवावर बेतू शकते: नखाखालचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. मुळापासून टोकापर्यंत जाणारी तपकिरी किंवा काळी उभी पट्टी, तीही एकाच बोटावर, विशेषतः अंगठ्यावर. पट्टी ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असणं, हळूहळू रुंदावणं, मुळाशी अधिक रुंद असणं, कडा अस्पष्ट असणं, किंवा रंग नखाबाहेर क्युटिकलवर (मुळाशी नखाला चिकटलेल्या पातळ कातडीवर) आणि कडेच्या त्वचेवर सांडलेला दिसणं. यापैकी काहीही असेल तर व्हिनेगर वगैरे बाजूला ठेवा आणि लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सावळ्या त्वचेत अनेक नखांवर निरुपद्रवी उभ्या पट्ट्या असतात हे खरं, पण नव्याने उमटलेली एकटी पट्टी त्यात धरू नये. काळसर-हिरवा डाग उपचार करूनही दोन-तीन महिन्यांत जागचा हलला नाही, तर तोही दाखवायचा.

प्रयोगशाळेकडे कधी जायचं

पहिल्याच वेळी, साधा डाग आणि स्पष्ट फट असेल तर तपासणीवाचूनही उपचार सुरू करता येतो. दुसऱ्यांदा आला, किंवा चार-सहा आठवड्यांत काहीच बदल नसला, तर नमुना पाठवायलाच हवा. नमुना घ्यायचा तो टोकाकडच्या सुक्या कचऱ्यातून नाही, तर सुटलेलं नख मागे कापून, फटीच्या सर्वांत आतल्या कडेवरून. जिवाणूंसाठी कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून बघणं) आणि कोणतं प्रतिजैविक लागू पडेल याची तपासणी, बुरशीसाठी केओएच (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधण्याची चाचणी) आणि कल्चर, दोन्ही एकदमच मागा. जिवाणूंचा अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो, बुरशीच्या कल्चरला काही आठवडे लागतात.

इथे एक खाचखळगा आहे. स्यूडोमोनास प्रयोगशाळेच्या प्लेटवर बुरशीची वाढ दाबून टाकतो. त्यामुळे हिरव्या नखाच्या नमुन्यात बुरशी न उगवणं म्हणजे बुरशी नसणं नव्हे. नख जाड आणि भुसभुशीत असेल तर कापलेल्या नखाचा तुकडा पीएएस रंगकामासाठी, म्हणजे बुरशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी, पाठवायला सांगा. त्यात बुरशीचे मेलेले धागेही दिसतात. किंवा जिवाणूचा उपचार संपल्यावर बुरशीची तपासणी पुन्हा करा. दर काही महिन्यांनी हिरव्या होणाऱ्या नखांत ही दुसरी तपासणी सर्वाधिक वेळा राहून गेलेली असते.

उपचार: कापणं, भिजवणं, सुकवणं, आणि मगच औषध

हा क्रम महत्त्वाचा आहे. बाटलीतलं औषध कितीही चांगलं असलं तरी सुटलेल्या नखाचं छप्पर जागेवर असेपर्यंत ते आत पोचत नाही.

सुटलेलं नख चिकटलेल्या रेषेपर्यंत मागे कापा. हात कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवले की नख मऊ होतं. स्वच्छ नेलकटरने कडेकडून एकेक मिलिमीटर घ्या. सुटलेल्या भागाला संवेदना नसते, त्यामुळे दुखू लागलं की समजायचं, रेषा आली, थांबा. उरलेली कड फाइलने गुळगुळीत करा म्हणजे कपड्यात अडकून पुन्हा उचकटणार नाही. नखाखाली काडी, पिन, फाइलचं टोक घालून खरवडू नका. आतला हिरवा थर निघाल्यासारखा वाटतो, पण प्रत्येक खरवडीबरोबर चिकटलेलं नख आणखी सुटतं आणि फट मुळाकडे सरकते. मधुमेह असेल, पायांत रक्ताभिसरण कमी असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर हे काम स्वतः करू नये.

भिजवण्यासाठी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधं पांढरं व्हिनेगर. स्यूडोमोनासला आम्ल सोसत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ भाग व्हिनेगर आणि ४ भाग पाणी घ्या. ५० मिलिलिटरला २०० मिलिलिटर. हे १ टक्क्याचं द्रावण होतं. त्यात फक्त बोटाचं टोक ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. चुरचुरलं किंवा त्वचा लाल झाली तर १ भागाला ९ भाग पाणी करा. अर्धा टक्काही काम करतो. द्रावण दर वेळी नवीन करा. जास्त दाट केल्याने किंवा अर्धा तास बुडवून ठेवल्याने बरं लवकर होत नाही. कडेची त्वचा सोलवटते आणि जिवाणूला नवी वाट मिळते.

घरगुती ब्लीचबद्दल विचारलं जातं. २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट नखावर वापरल्याचे उल्लेख वैद्यकीय साहित्यात आहेत, पण घरातल्या बाटलीची तीव्रता वेगवेगळी असते आणि ते त्वचेला फार बोचतं. डॉक्टरांनी नेमकं प्रमाण सांगितल्याशिवाय ते वापरू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच भांड्यातही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडची गरज नाही: फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण स्यूडोमोनासकडे ते निकामी करणारं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) असतं, आणि उघड्या त्वचेला पेरॉक्साइड त्रास देतं. पोव्हिडोन आयोडीन जिवाणू मारतं, पण नख तपकिरी करतं आणि मग डाग पुढे सरकतोय की नाही हे कळतच नाही.

भिजवल्यानंतर सुकवणं, हा अर्धा उपचार आहे. टॉवेलने टिपा, मग हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून एक-दोन मिनिटं टोकाकडून वारा द्या. गरम हवा नको. कापून उघडी पडलेली त्वचा चटकन भाजते. ड्रायर नसेल तर पंख्यासमोर हात धरा. दिवसभरातही जितक्या वेळा हात धुवाल तितक्या वेळा बोटाचं टोक कोरडं करा. व्हिनेगर नियमाने वापरूनही ज्यांना फरक पडत नाही, त्यांचं बहुधा हेच चुकत असतं: दिवसातून दोनदा भिजवणं आणि एकदाही नीट न सुकवणं.

आता औषध. डॉक्टर सहसा डोळ्यांत किंवा कानात घालायचे प्रतिजैविक थेंब नखासाठी लिहून देतात: टोब्रामायसिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, बहुधा ०.३ टक्के. नखासाठी डोळ्यांचं औषध दिलं म्हणून गोंधळून जाऊ नका. त्यामागे कारण आहे. पातळ थेंब फटीत आपोआप ओढला जातो. मलम वरच बसतं आणि खालची ओल कोंडून ठेवतं. भिजवून सुकवल्यानंतर १-२ थेंब, दिवसातून दोन-तीनदा, टोकाकडून फटीत. बोट उभं धरून, टोक वर करून टाकलं तर थेंब आत उतरतो. पाच मिनिटं तसंच ठेवा. ही बाटली पुन्हा डोळ्यासाठी वापरू नये, आणि तिचं तोंड नखाला टेकवू नये. कालावधी आठवड्यांत मोजायचा: किमान तीन-चार आठवडे, बऱ्याचदा दोन ते चार महिने.

थेंबांनी आणि कापण्याने भागलं नाही, किंवा मुळाशी संसर्ग असेल तर पोटातून सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं जातं, प्रौढांत अनेकदा ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, दोन-तीन आठवडे. ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. तिने स्नायुबंध दुखावू शकतात, टाचेमागचा तर तुटूही शकतो; टिझानिडिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबर ती अजिबात चालत नाही; मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दूध, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या काही औषधांबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणजे धोका पत्करून फायदाही मिळत नाही. गरोदरपणात आणि मुलांमध्ये सहसा टाळतात. एका न दुखणाऱ्या हिरव्या नखासाठी पहिल्या भेटीतच ही गोळी सुरू करणं बहुतेक वेळा अनावश्यक असतं.

कोणत्या औषधांनी काहीच होणार नाही

टर्बिनाफिन, फ्लुकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, बुरशीसाठीची नेल लॅकर: जिवाणूवर यांचा परिणाम नाही. म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक ॲसिड ही जखमेची मलमं स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूसाठी उत्तम, पण स्यूडोमोनासला त्यांचा उपद्रव होत नाही. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, सेफॅलेक्सिन, ॲझिथ्रोमायसिन यांनीही तो हटत नाही. तेव्हा ‘अँटिबायोटिकचा कोर्स केला, तरी गेलं नाही’ असं असेल तर आधी औषधाचं नाव बघा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं तर अंदाधुंद लावू नयेत. सूज उतरते म्हणून बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

बरं होतंय की नाही, हे कसं मोजायचं

डागाच्या गडदपणावरून काही ठरवू नका. मुळाकडची त्याची कड बघा. क्युटिकलपासून त्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, तारीख लिहा, सारख्याच उजेडात फोटो घ्या. दर दोन आठवड्यांनी पुन्हा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं सुमारे दीड. तेव्हा हाताच्या बोटावर हे अंतर महिन्यात अंदाजे ३ मिलिमीटरने वाढलं, तर संसर्ग थांबला आहे, डाग कितीही हिरवागार दिसत असला तरी. अंतर तेवढंच राहिलं किंवा कमी झालं, तर जिवाणू मागे मागे पसरतोय. त्याच वेळी फटीची रेषाही मोजा. ती टोकाकडे सरकत असेल, म्हणजे गुलाबी भाग वाढत असेल, तर नख पुन्हा धरू लागलं आहे. हाताचं पूर्ण नख नवं यायला ४ ते ६ महिने, पायाच्या अंगठ्याचं यायला १२ ते १८ महिने लागतात. पायाचा डाग तीन महिन्यांत जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

डाग पुढे सरकला पण फट जागच्या जागी राहिली, तर आनंद मानू नका. तो पुढच्या फेरीचा मुहूर्त असतो.

तरीही परत येतंय, तर

सर्वांत आधी कृत्रिम नखांचा विचार करा. ॲक्रिलिक, जेल एक्स्टेन्शन, चिकटवायची नखं यांची एखादी कड सुटली की त्यांच्यात आणि खऱ्या नखात पाणी साचतं. सुटलेली कड पुन्हा चिकटवणं किंवा वाढलेल्या भागावर नवा थर भरणं, म्हणजे ओल आणि जिवाणू आत ठेवून दार लावणं. हिरवं दिसलं की ते नख पूर्ण काढायचं, वरून डाग झाकायचा नाही. काढताना ॲसिटोनमध्ये भिजवून सैल होऊ द्या. ओढून काढल्यास खऱ्या नखाचे थरही निघतात. खरं नख फट पूर्ण भरेपर्यंत उघडं राहू द्या. रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००२ च्या हस्तस्वच्छता मार्गदर्शनात जोखमीच्या रुग्णांशी थेट संपर्क असलेल्या कर्मचाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत आणि खरी नखं पाव इंचाहून कमी ठेवावीत असं सांगितलं आहे. निरोगी माणसाला हिरव्या नखापासून फारसा धोका नसतो, पण नवजात बाळं, अतिदक्षता विभागातले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना स्यूडोमोनास गंभीर आजार देऊ शकतो.

दुसरं कारण पाण्यातलं काम: धुणं, भांडी, सफाई, केस धुणं, स्वयंपाकघर, रुग्णसेवा. हातमोजे घाला हा सल्ला सगळे देतात, पण नुसते रबरी मोजे तासभर घातले तर आत घाम साचतो आणि बोटं पाण्यात असल्यासारखीच भिजतात. आत पातळ सुती मोजा, वर नायट्राइल किंवा रबराचा. पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात वाळवा, आतला मोजा ओला झाला की बदला. वरचा मोजा उलटा करून सुकवा. भोक पडलेला मोजा मोजा नसण्यापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

तिसरं, अवजारं. नेलकटर आणि धातूची अवजारं साबण-पाण्याने घासा, कोरडी करा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. मळ असलेल्या धातूवर नुसतं अल्कोहोल पुरत नाही. कागदी किंवा स्पंजच्या फाइल, लाकडी काड्या यांचं निर्जंतुकीकरण होत नाही. हिरव्या नखावर वापरलेल्या टाकून द्या. बाथरूममध्ये ओला राहणारा नखं घासायचा ब्रशही.

चौथं: नख सुटण्याचं कारणच दुसरं असणं. तीन-चार किंवा अधिक नखं एकदम सुटत असतील तर जिवाणू नंतर आला, आधी काहीतरी वेगळं घडलं. सोरायसिस, थायरॉइडचा अतिरेक, केमोथेरपीची काही औषधं, डॉक्सिसायक्लिन घेताना लागलेलं ऊन, नखाच्या रसायनांची ॲलर्जी अशा गोष्टी तपासाव्या लागतात. पायाच्या अंगठ्यात बहुतेकदा बूट कारणीभूत असतात. पुढे आखूड असलेला बूट प्रत्येक पावलाला नख मागे ढकलतो, आणि ओले मोजे दिवसभर पायात राहतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मोजे घाम आला की बदला, आणि दोन जोड बूट आलटून पालटून वापरा म्हणजे प्रत्येकाला पूर्ण दिवस सुकायला मिळेल.

मुळाशी सूज असेल तर

नखुरड्याचे दोन प्रकार अगदी वेगळे वागवावे लागतात. एक-दोन दिवसांत कड लाल होऊन ठणका लागला, पू दिसू लागला, तर ते तीव्र नखुरडं. त्यात सहसा स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकोकस असतो. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याचा शेक, आणि पू साठला असेल तर डॉक्टरकडून त्याला वाट करून घेणं. पू असताना नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. मात्र बारीक स्वच्छ पाण्याचे फोड घोळक्याने आले असतील आणि वेदना खूप असेल तर ती नागीण-गटातल्या हर्पिस विषाणूची लागण असू शकते. ती कापायची नाही.

सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं, क्युटिकल नाहीसं झालेलं, कड फुगलेली आणि नखावर आडव्या लाटा उमटलेलं नखुरडं हे बहुतेक वेळा त्वचेचा दाह असतो. पाणी, साबण, रसायनं यांनी झालेला. त्यात कॅन्डिडा ही बुरशी सापडली तरी ती बहुधा नंतर आलेली पाहुणी असते. म्हणून इथे पाण्यापासून संरक्षण आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरतं स्टेरॉइड मलम हा मुख्य उपचार, आणि हिरवा रंग असेल तर सोबत जिवाणूवरचे थेंब. क्युटिकल ही मुळाची सील आहे. ती मागे ढकलू नका, कापू नका. परत यायला कित्येक आठवडे लागतात, आणि ती येईपर्यंत मुळाकडची वाट उघडीच असते.

वाट न बघता डॉक्टरकडे

बोटावर पसरत जाणारी लाली, हातावर वर चढणारी लाल रेघ, ताप. बोट फुगून वाकलेलंच राहणं आणि सरळ करताना असह्य कळ येणं. मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असताना पायाच्या नखाखाली हिरवा रंग, दुर्गंधी किंवा जखम. यांत घरी भिजवत बसण्यात गेलेला एक दिवसही महाग पडू शकतो.

पूर्ण नख काढून टाकणं हा शेवटचा पर्याय, महिनोन्‌महिने सगळं नीट करूनही न हटणाऱ्या संसर्गासाठी. नुसतं नख काढल्याने कारण जात नाही. नवं नख त्याच ओल्या हातांवर उगवतं. बऱ्याचदा डॉक्टर फक्त सुटलेला भाग रेषेपर्यंत काढतात आणि तेवढं पुरतं.

पॉलिश पुन्हा कधी लावायची, तर गुलाबी भाग टोकाच्या नेहमीच्या रेषेपर्यंत परत आल्यावर, आणि तसा महिनाभर टिकल्यावर. तोवर नख बोटाच्या टोकाबाहेर १-२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका: लांब नख प्रत्येक धक्क्याला तरफ होऊन नुकतीच धरलेली त्वचा उचकटतं. सुरुवात साध्या पॉलिशने करा, आठवडाभराने ती काढून नखाची खालची बाजू आणि फटीची रेषा पुन्हा बघा; जेल आणि एक्स्टेन्शन त्यानंतरच.